काम कोणत्या देशात जातं, आणि तिथून का निघून जातं?



तुम्ही इंदूरहून ऐकत असाल, बडोद्याहून, हैदराबादहून किंवा बेळगावहून. तुमच्या घरातलं, निदान शेजारचं कुणीतरी भारतात बसून परदेशी कंपनीचं काम करत असणार. त्या मुलाला किंवा मुलीला एकदा विचारून बघा, "हे काम आपल्याच देशात का आलं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "आपण स्वस्त पडतो म्हणून."

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. केवळ स्वस्ताईवर ठरत असतं, तर जगातल्या सगळ्यात गरीब देशांकडे सगळ्यात जास्त काम गेलं असतं. तसं झालेलं नाही. मग कंपन्या देश निवडतात तरी कसा? आज तेच समजून घेऊ.

आपल्याकडे लग्नासाठी स्थळ बघतात, तशीच कंपनीही स्थळ बघते. पगार विचारतात हे खरं, पण घरचं वळण, शिक्षण, गावाचं अंतर हेही बघतात. एक बाजू कितीही चांगली असली, तरी दुसरी फारच लंगडी असेल तर स्थळ मागे पडतं.

आधी पैशांचं बघू. समजा, अमेरिकेत एका कर्मचाऱ्यावर कंपनीचे शंभर रुपये खर्च होतात आणि दुसऱ्या देशात त्याच कामाचा पगार वीस रुपये आहे. म्हणजे ऐंशी रुपये वाचले? नाही. इमारतीचं भाडं, वीज गेली तर जनरेटर, रात्रपाळीच्या गाड्या, दोन-तीन महिन्यांचं प्रशिक्षण, कामावर देखरेख, अधिकाऱ्यांच्या विमानफेऱ्या, हे सगळं त्यात धरा. शिवाय शिकवून तयार केलेला माणूस वर्षभरात दुसरीकडे गेला, तर प्रशिक्षणाचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. वीसाचे पन्नास कधी झाले, कळतही नाही. म्हणून जाणकार कंपन्या पगाराचा आकडा बघत नाहीत, काम पूर्ण होऊन हातात पडेपर्यंत किती खर्च आला, ते बघतात.

कर्नी ही सल्लागार संस्था २००४ पासून या विषयावर देशांची क्रमवारी काढते. तिच्या सुरुवातीच्या मोजणीत खर्चाच्या बाजूला ४० टक्के वजन होतं. उरलेलं ६० टक्के वजन माणसांचं कौशल्य आणि व्यवसायाचं वातावरण यांना. भारत या यादीत सतत पहिला राहिला, तो स्वस्त आहे म्हणून आणि इथे शिकलेली माणसं मोठ्या संख्येने मिळतात म्हणूनही.

आता माणसांकडे येऊ. इथे एक मोठी गंमत आहे. कामाची वाट पुष्कळदा जुन्या इतिहासाने आखून ठेवलेली असते. ब्रिटनचं आणि अमेरिकेचं काम भारतात आलं, कारण इथे इंग्रजी होती. फ्रेंच कंपन्यांची फोनवरची कामं मोरोक्को, ट्युनिशिया आणि मादागास्करला गेली, कारण तिथे फ्रेंच सत्ता होती आणि भाषा मागे राहिली. चीनमधलं दालियन हे बंदर १९०५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं. पुढे जपानी कंपन्यांनी आपली कार्यालयीन आणि संगणकाची कामं चीनला दिली, तेव्हा जपानी जाणणारी माणसं दालियनमध्ये मिळाली. ज्या सत्तेने एकेकाळी राज्य केलं, तिचीच भाषा नातवंडांना नोकरी देऊन गेली. याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

फिलिपिन्सचं उदाहरण तर आपल्याला थेट भिडणारं आहे. १८९८ पासून १९४६ पर्यंत तिथे अमेरिकेची सत्ता होती. मधली काही वर्षं जपानने ताबा घेतला, तेवढी सोडून. शाळा इंग्रजी, बोलण्याची ढब अमेरिकन वळणाची, गल्लीगल्लीत बास्केटबॉल. फिलिपिन्सची लोकसंख्या भारताच्या दहा टक्क्यांहूनही कमी. तरीही २०१० च्या सुमाराला फोनवर बोलण्याच्या कामात त्या देशाने भारताला मागे टाकलं. तिथला कर्मचारी आपल्यापेक्षा स्वस्त होता असं नाही. पण चिडलेल्या अमेरिकन ग्राहकाशी बोलणं त्याला जास्त सहज जमत होतं. आपल्याकडे हिशेब, कागदपत्रं आणि सॉफ्टवेअरचं काम टिकलं, वाढलं. म्हणजे 'कोणता देश' याच्या आधी 'कोणतं काम' हा प्रश्न येतो.

मग येतं घड्याळ. न्यूयॉर्क आणि भारत यांच्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक आहे. अमेरिकेतला डॉक्टर दिवसभर रुग्णांच्या नोंदी बोलून ठेवतो, त्याच्या झोपेच्या वेळात त्या भारतात टाइप होतात आणि सकाळी त्याच्या टेबलावर तयार असतात. या कामाला वेळेतला फरक फायद्याचा. पण दर तासाला एकमेकांशी बोलून करायचं काम असेल, तर तोच फरक अडचण होतो. अशा वेळी अमेरिकन कंपनी मेक्सिको किंवा कोस्टा रिका बघते, जर्मन कंपनी पोलंड बघते.

पुढची गोष्ट तारांची आणि नियमांची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बेंगळुरूत केंद्र काढलं, तेव्हा काम अमेरिकेला पाठवण्यासाठी उपग्रहाची स्वतंत्र जोडणी उभारावी लागली होती. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था निघाली. डेटा पाठवण्याची जोडणी आणि करांतल्या सवलती यांमुळे लहान कंपन्यांनाही ती वाट मोकळी झाली. १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या वित्त कंपनीने गुरगावला कार्यालयीन कामांचं केंद्र सुरू केलं; तेच पुढे जेनपॅक्ट झालं. आधी रस्ता झाला, मग गाड्या आल्या.

आणि जोखीम? जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदराजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारताचं इंटरनेट लंगडू लागलं. ज्या कंपन्यांनी पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे दुसरी वाट राखून ठेवली होती, त्यांचं काम चालू राहिलं. तीन वर्षांनी, २०११ च्या जानेवारीत, खुद्द इजिप्तच्या सरकारने आंदोलन दडपण्यासाठी देशाचं जवळजवळ सगळं इंटरनेट पाच दिवस बंद ठेवलं. अनेक भाषा बोलणारे पदवीधर हे तर इजिप्तचं भांडवल. पण परदेशी ग्राहकाने पाच दिवस फोन लावला आणि कुणी उचललाच नाही, तर ते भांडवल काय कामाचं? तेव्हापासून शहाण्या कंपन्या एकखांबी तंबू उभारत नाहीत. तेच काम दोन-तीन देशांत वाटून ठेवतात.

त्यात कायद्याचीही भर पडली. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा नियम मे २०१८ मध्ये लागू झाला. युरोपीय माणसाची खाजगी माहिती संघाबाहेर न्यायची, तर त्या देशाला संघाची मान्यता हवी, नाहीतर कडक करार हवेत. अशा वेळी कामाचा दर नंतर विचारतात, आधी वकिलाला विचारतात.

आणखी एक. आपण 'देश' म्हणतो, पण शेवटी निवडलं जातं ते शहर. जर्मनीशी नातं असलेल्या अनेक कंपन्यांना पुणं आवडलं. त्यामागे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आसपासचा वाहनउद्योग आहे आणि पुण्यात पिढ्यानपिढ्या जर्मन शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. ज्यांनी कधीकाळी हौसेने जर्मनचे वर्ग चालवले, त्यांना आपण रोजगाराचा पाया घालतोय असं वाटलं नसेल.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात डेल कंपनीचा संगणकाचा मोठा कारखाना होता. इंग्रजी बोलणारे कामगार, कमी कर, युरोपची बाजारपेठ जवळ, म्हणून तो तिथे आला. शहर त्यावर उभं राहिलं. मग राहणीमान वाढलं, पगार वाढले. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि तीच बाजारपेठ कमी खर्चात मिळू लागली. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की उत्पादन पोलंडमधल्या वुजला जाईल. लिमरिकमधल्या सुमारे १,९०० नोकऱ्या गेल्या. कामगारांनी काम वाईट केलं, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

मला आज तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. काम ज्या कारणाने येतं, ते कारण संपलं की जातं. माणूस कितीही कष्टाळू असो. म्हणून सुरुवातीला विचारलेला प्रश्न गप्पांपुरता सोडू नका. "आपण स्वस्त पडतो" एवढंच कारण असेल, तर आपला पगार वाढण्याची प्रत्येक बातमी ही काम जाण्याचीही सूचना असते. उद्या आपल्याहून स्वस्त देश मिळेल, किंवा यंत्र मिळेल. पण जर कारण असं असेल, की हा विमा-हिशेब या चमूइतका कुणाला कळत नाही, ही भाषा इथेच बोलली जाते, या यंत्राची रचना करणारी माणसं याच शहरात आहेत, तर कंपनीला उठून जाणं महाग पडतं.

आज भारतात परदेशी कंपन्यांची स्वतःची १,७०० हून अधिक केंद्रं आहेत. कंत्राटदाराला काम देण्याऐवजी त्यांनी इथे आपली माणसं नेमली, संशोधनही आणलं. ही चांगली खूण आहे, पण ती कायमची सनद नाही. एखादं राज्य सरकार अशा कंपनीला सवलतीत जमीन देतं, तेव्हा नागरिक म्हणून आपणही विचारलं पाहिजे: सवलत संपल्यावर ही कंपनी इथे कशासाठी थांबेल? आणि तुमच्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने नोकरी पकडली, की पेढे जरूर वाटा. मग निवांत बसून विचारा, "हे काम दुसऱ्या देशात न्यायचं म्हटलं, तर कंपनीला काय जड जाईल?" उत्तरात त्यांचं स्वतःचं एखादं कसब आलं, तर उत्तम. नाही आलं, तर कोणतं कसब शिकायचं, ते शोधायची हीच वेळ आहे.