जुनं पात्र, नवा डाव



आजच्या या व्याख्यानाचा विषय बडनेऱ्याच्या पोट्ट्यांना चटकन कळेल. ज्येष्ठांसाठी आधी थोडं सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली बाजारात आला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपलं पात्र त्यात काय करतं ते खेळणारा बोलून दाखवतो, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. अशी एक सलग गोष्ट महिनोन् महिने चालते. तिला कॅम्पेन म्हणतात.

मग एक दिवस कॅम्पेन संपते. ज्या पात्रात जीव गुंतला, ते दुसऱ्या सूत्रधाराच्या, दुसऱ्या जगातल्या गोष्टीत न्यावं का? काही खेळणारे याला आळस म्हणतात. नवं पात्र सुचत नाही म्हणून जुनंच पुढे ढकललं, असं त्यांना वाटतं. मला हे पटत नाही. पात्र जरूर न्यावं. मात्र त्याचा स्वभाव न्यावा, त्याची कमाई नव्हे. याचा सर्वांत चांगला दाखला मला आपल्याच अमरावती जिल्ह्यात सापडतो.

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, हे इथे कुणाला सांगायला नको. भागवतातली कथा तुम्हाला पाठ आहे. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो. रुक्मिणी ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडते, आणि देवीच्या दर्शनाला गेली असताना कृष्ण तिला घेऊन जातो. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, अशी आपल्याकडची श्रद्धा.

आता हीच रुक्मिणी मराठीत किती डाव खेळली ते पाहा. तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभाव पंथाचे सत्पुरुष गोविंदप्रभू यांच्या मनात आपल्या लग्नाचं आलं आणि भक्तांनी त्या लग्नाचा थाट मांडला. त्या प्रसंगी कवयित्री महदाइसेनं धवळे गायले, म्हणजे वराची लग्नगीतं. गावात साजरं होणारं एक लग्न, त्यात गायला बसलेली एक बाई, आणि तिच्या तोंडून उतरलेली कृष्ण-रुक्मिणीची कथा. जमलेल्या माणसांनी ठरवून एका गोष्टीत शिरायचं आणि तिथल्या तिथे ती पुढे न्यायची, हे टेबलावरच्या खेळाच्या फार जवळचं आहे. महदाइसेची रुक्मिणी लग्नघरातली आहे. त्याच काळात कवी नरेंद्रानं ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. त्यातली रुक्मिणी विरहानं पोळलेली राजकन्या आहे. पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनी तिलाच घेतलं आणि तिच्या लग्नात जीव-शिवाचं मीलन पाहिलं. लग्न जुळावं म्हणून त्या ग्रंथाचं पारायण करणाऱ्या मुली आजही घरोघरी आहेत.

तिन्ही ठिकाणी काय टिकलं? निर्णय तिचा, निरोप तिचा, आणि उत्तर येईपर्यंतची तिची तगमग. बाकीचं वातावरण, भाषा, सांगण्याचा हेतू, सगळं बदललं. महदाइसेनं जे रंगवलं त्याचं ओझं एकनाथांच्या रुक्मिणीवर नाही. तरीही ती पहिल्या ओळखीतच रुक्मिणी वाटते. पात्र नेणं म्हणतात ते याला.

नरेंद्राविषयी महानुभाव परंपरेत एक गोष्ट सांगतात. राजा रामदेवराव यादवाला तो ग्रंथ इतका आवडला, की त्यावर कर्ता म्हणून आपलं नाव घालावं यासाठी तो सोनं द्यायला तयार झाला. नरेंद्रानं नकार दिला. रुक्मिणी त्याच्या एकट्याची नव्हती, पण त्यानं उभी केलेली रुक्मिणी त्याचीच होती. खेळणाऱ्यांनी हा भेद नीट ध्यानात घ्यावा. तुमच्या पात्राचा स्वभाव तुमचा आहे. जुन्या कॅम्पेनमधला त्याचा भूतकाळ मात्र पाच जणांनी मिळून घडवलेला असतो. त्यातला मित्र दुसऱ्याचा, शत्रू सूत्रधाराचा. तो सगळा ऐवज नव्या टेबलावर नेण्याचा हक्क एकट्याला नाही.

पात्राचा स्वभाव राहतो आणि प्रसंग बदलतो, हे तमाशातही दिसतं. वग रोज बदलला तरी गवळणीत मावशी आणि पेंद्या हमखास येतात. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवली जाते, मावशी तोंडाला तोंड देते, आणि गाव बदललं की विनोदही बदलतो. काल दुसऱ्या गावात किती टाळ्या मिळाल्या, हे मावशी आजच्या गावाला ऐकवत नाही.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या इतिहासात मात्र नेमकी जुनी कमाई सोबत नेण्यावरूनच गडबड झाली. १९७०च्या दशकात एकाच पात्राला घेऊन वेगवेगळ्या सूत्रधारांकडे खेळायला जाण्याची चाल होती. एखाद्या सढळ सूत्रधाराकडे जादूच्या तलवारी आणि सोन्याच्या राशी मिळालेलं पात्र दुसरीकडे आलं, की तिथल्या साध्या पात्रांना करायला काही उरत नसे. मोठ्या प्रमाणावर हे सांभाळायला नियमच लागतात. २०१४ साली सुरू झालेल्या ‘ॲडव्हेंचरर्स लीग’ या संघटित खेळात एकच पात्र घेऊन लीगच्या वेगवेगळ्या टेबलांवर बसता येतं, कारण सगळीकडे नियम एकच असतात. घरगुती खेळात असे नियम नसतात. तिथे विवेकच लागतो.

अशा विवेकाचं उत्तम उदाहरणही त्याच खेळातलं आहे. ‘क्रिटिकल रोल’ हा मित्रांचा एक गट खेळताना दाखवणारा कार्यक्रम २०१५ साली इंटरनेटवर सुरू झाला, पण त्यातली पात्रं आधी त्या मित्रांच्या घरच्या खेळातली होती. घरी ते ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या नियमांनी खेळत. कार्यक्रमासाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम घेतले. त्यांच्यातला पर्सी हा बंदूकवाला, कुटुंबाची कत्तल झालेला सरदारपुत्र. नव्या नियमांत बंदूकवाल्याचा वेगळा प्रकार नव्हता. सूत्रधार मॅथ्यू मर्सर यांनी त्याच्यासाठी नियम नव्यानं बांधले. पर्सीचा सूड, त्याचा तोरा, त्याची अपराधी भावना तशीच राहिली. सूत्रधार इतकं करतो, कारण त्याला त्या पात्रात रस असतो.

म्हणून खेळणाऱ्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे. आवडतं पात्र नव्या टेबलावर नेताना आधी डीएमची परवानगी घ्या. लेव्हल, म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी, पहिलीच ठेवा. शस्त्रं, किताब, जुने पराक्रम मागे सोडा. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, कोरी घ्या आणि तिच्यावर तीनच गोष्टी लिहा: हा माणूस कशाला भितो, कुणासाठी जीव टाकतो आणि कोणती गोष्ट कधीच करणार नाही. ‘आमच्या मागच्या कॅम्पेनमध्ये’ असं बोलणं टाळा. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना ते परकं करतं. आणि नव्या जगात तो माणूस वेगळा वागू लागला, तर त्याला अडवू नका.

सूत्रधारांनाही विनंती आहे. जुनं पात्र घेऊन आलेल्याला हिणवू नका. त्यानं त्या माणसावर वर्षभर प्रेम केलेलं असतं. आणि एखादी कॅम्पेन आपल्या वऱ्हाडात मांडा. गाविलगडाचा किल्ला आहे, मेळघाटाचं रान आहे, कीचकाच्या कथेचं चिखलदरा आहे, वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर आहे. रिद्धपूरला तर आता मराठी भाषेचं विद्यापीठही आहे. ती कॅम्पेन मराठीतूनच खेळा.