आर्नो नदीच्या काठी कोल्हापूरचे महाराज

आज आम्ही तुम्हांला एका प्रवासाची हकीकत सांगणार आहोत.

युरोपात इटली नावाचा देश आहे. त्या देशात फ्लॉरेन्स हे जुने शहर आहे. तिथले लोक त्याला फिरेंझे म्हणतात. आमचा एक बाळपणचा मित्र तिथे राहतो. त्याच्या घरचा धंदा कोल्हापुरी चपलांचा. तो तिकडे गेला आणि चामड्याच्या पिशव्यांच्या एका कारखान्यात लागला. तेव्हा त्याला पंचवीस वर्षे होत आली होती. दर दिवाळीला फोनवर म्हणायचा, "मास्तर, वहिनींना घेऊन एकदा ये की लेका." शेवटी २०२२ सालच्या ऑक्टोबरात आम्ही उभयता गेलो.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. गंमत कसली, फजितीच! आमचे डोके दुखत होते. औषधाचे दुकान शोधायला बाहेर पडलो. पाट्यांवरची अक्षरे इंग्रजीचीच. एकेक अक्षर लावता येई, पण शब्दाचा अर्थ लागेना. दुकानासमोरून दोनदा गेलो आणि तसेच घरी परत आलो. आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. एस. टी.वरची पाटी दुसऱ्याला विचारताना माणसाला कसे वाटते, ते आम्हांला साठी उलटल्यावर कळले.

मित्राने चार दिवस रजा काढली आणि गाव दाखवले. आर्नो नावाची नदी गावाच्या मधून वाहते. तिच्यावर एक जुना पूल आहे. त्या पुलावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकाने आहेत. आपली गुजरी उचलून पुलावर ठेवावी, तसे दिसते. पूर्वी तिथे खाटिकांची दुकाने होती. १५९३ साली तिथल्या राजाने त्यांना उठवले आणि सोनारांना जागा दिली. मोठ्या देवळाचा घुमट १४३६ साली पुरा झाला. तो विटांचा आहे. एवढा मोठा घुमट, पण खालून लाकडी आधार न देता बांधला. आम्ही मान वर करून पाहतच राहिलो. बाजारात हातगाडीवर पावात वजडी घालून विकतात आणि लोक रांग लावून खातात. ती गाईची असते म्हणून आम्ही लांबूनच नमस्कार केला.

एका गल्लीत भिंतीवर, आमच्या डोक्याच्याही वर, एक लहान दगडी पाटी होती. आम्ही विचारले, "ही रे कसली?"

तो म्हणाला, "१९६६ सालच्या पुराची. ४ नोव्हेंबरला पाणी हितंपर्यंत आलं होतं."

आमची मंडळी लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या शुक्रवार पेठेसारखंच की!" २०१९ सालचा पंचगंगेचा पूर आपण कोण विसरला आहे? त्या पाटीपाशी ते परके गाव आम्हांला जरा जवळचे वाटले.

त्या रात्री जेवताना आम्ही मित्राला म्हटले, "आता आमच्या महाराजांकडे ने."

"कुठले महाराज?"

"आपले. राजाराम महाराज. ज्यांच्या नावाचे राजाराम कॉलेज आहे, ते."

तो आमच्याकडे बघतच राहिला. त्याला ठाऊकच नव्हते. मग आम्ही त्याला जे सांगितले, तेच तुम्हांला सांगतो.

१८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. वय अवघे वीस वर्षांचे. बरोबर कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी आणि आपली काही माणसे होती. महाराजांना इंग्रजी चांगले येत होते. विलायतेत काय काय पाहिले, ते रोजच्या रोज लिहून ठेवत. ती रोजनिशी पुढे १८७२ साली छापली गेली. परत येताना ते वाटेत फ्लॉरेन्सला उतरले. तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होते. तिथे त्यांचे दुखणे वाढले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराज वारले.

आता विचार करा. परका मुलुख. थंडीचे दिवस. बरोबर मूठभर माणसे. आणि त्या देशात प्रेत जाळायची चाल नव्हती. ख्रिस्ती लोक पुरतात. पण आपल्या माणसांनी आपल्या धर्माप्रमाणे दहन करायचे म्हटले. नगरपालिकेने त्याला खास परवानगी दिली. जागा कुठली? तर जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते, ती. आपल्याकडे प्रयाग चिखलीचा संगम जसा पवित्र मानतात, तसा त्यांनी तिथला संगम शोधला. रात्री चिता पेटली. असा प्रकार त्या गावाने कधी पाहिला नव्हता. बघायला लोक लोटले.

हे ऐकून मित्र म्हणाला, "मास्तर, त्या नद्यांच्या जवळ मोठा पूल आहे. त्याला इंडियानोचा पूल म्हणतात. इंडियानो म्हणजे हिंदी माणूस. मी कामावर जाताना रोज त्यावरून जातो. हा हिंदी माणूस कोण, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे ट्रामने निघालो. तिथे काशिने म्हणून मोठी बाग आहे. नदीच्या काठाने साडेतीन किलोमीटर लांब. जागा अगदी टोकाला. वहिनींनी दशम्या बांधून घेतल्या होत्या. चालून चालून आमचे गुडघे बोलू लागले. शेवटी झाडांतून छत्री दिसली.

हो, छत्रीच! आपल्याकडे असते तशी, खांबांवर उभी. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा. डोक्यावर फेटा, गळ्यात दागिने आणि रंग दिलेला. चेहरा कोवळा, मॅट्रिकच्या वर्गातल्या मुलासारखा. पुतळा फुलर नावाच्या कारागिराने केला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. हे तेच मँटसाहेब, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. हे काम १८७४ साली झाले. खाली चार भाषांत लेख आहेत. त्यातला इंग्रजी आम्ही मोठ्याने वाचला. कोल्हापूर हा शब्द आला तेव्हा आमच्या मंडळींनी पुतळ्याला हात जोडले. मागे तो मोठा पूल दिसत होता आणि त्यावरून गाड्या धावत होत्या.

मित्र मात्र पुतळ्यापाशी थांबला नाही. तो नदीकडे गेला आणि दोन पाणी मिळतात तिथे बसला. आम्ही जवळ जाऊन बसलो.

बऱ्याच वेळाने तो बोलला. "आई गेली तेव्हा मला यायला मिळालं नाही."

ते आम्हांला माहीत होते. २०२१ सालची गोष्ट. साथीमुळे नेहमीची विमाने बंद होती. म्हातारीला पुतण्याने अग्नी दिला. याने तो पंचगंगेच्या स्मशानातला विधी फोनवर बघितला. "एवढ्याशा काचेत बघितलं रे. ज्वाळा दिसली आणि रेंज गेली," असे म्हणून तो रडू लागला. साठीचा माणूस! आम्हांला काय बोलावे सुचेना. शिक्षक असून सुचेना. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग त्याने विचारले, "महाराजांच्या घरचं कुणी होतं का रे इथं?"

आम्ही म्हटले, "आईबाप नव्हते. बरोबरची माणसे होती. आणि हा गाव होता."

त्याने नदीत हात धुतले, तोंडावर पाणी मारले. नंतर आम्ही तिथेच गवतावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एक म्हातारा इटालियन कुत्रा घेऊन फिरत होता. मित्राने त्याला त्याच्या भाषेत काहीतरी सांगितले आणि पुतळ्याकडे बोट केले. म्हाताऱ्याने टोपी काढली. "काय सांगितलेस?" आम्ही विचारले. "हा आमच्या गावचा, म्हटलं."

परत येताना ट्राममध्ये तो विचारू लागला, "पंचगंगेवर अजून शेणीच लागतात का? लोक अजून देतात का?"

कोल्हापुरात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही आणि होळीच्या सुमारास लोक स्मशानाला शेणी दान करतात, हे तुम्ही जाणताच. आम्ही म्हटले, "देतात की. गाड्या भरून देतात."

२०२३ सालच्या होळीला तो आला. आईच्या नावाने दोन हजार शेणी घेतल्या, टेंपोत भरल्या आणि स्वतः टेंपोत मागे शेणींवर बसून पंचगंगेवर गेला. उतरवताना आम्हीही हात लावला.