अपवाद क्रमांक १२



आरोग्यविम्याच्या विमापत्राची पहिली पाने ठळक असतात. हमी तेथे असते. नाकारायचे ते पुढे बारीक टायपात येते. त्या टायपातला बारावा अपवाद असा, की मद्यासक्ती, मादक द्रव्यांचा गैरवापर वा कोणतेही व्यसन ‘आणि त्याचे परिणाम’ यांवरील उपचारांचा खर्च मिळणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी सर्व कंपन्यांच्या अपवादांची भाषा एकसारखी केली, तेव्हा हा मजकूर प्रमाण ठरला. विमापत्रांतून तो आजही छापला जातो.

याच्याशेजारी संसदेचा कायदा ठेवून पाहावा. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या २१व्या कलमानुसार, शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर तो मानसिक आजारालाही देणे प्रत्येक विमा कंपनीवर बंधनकारक आहे. आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्ट शब्दांत घेतलेल्या आहेत. म्हणजे संसद ज्याला आजार म्हणते, त्याला विमापत्र अपवाद म्हणते! दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका मनोरुग्ण स्त्रीच्या बाजूने निर्णय देऊन कंपन्यांना या कलमाची जाणीव करून दिली. पण तेथे प्रश्न व्यसनाचा नव्हता.

कंपन्यांचा युक्तिवाद परिचित आहे: व्यसन हे स्वतः ओढवून घेतलेले संकट, त्याचा भार इतर विमेदारांनी का सोसावा? मग अतिआहाराने जडलेला मधुमेह कोणी ओढवला? हृदयविकाराच्या रुग्णाला पैसे देताना त्याच्या सवयींचा असा सरसकट निवाडा कोणी करीत नाही. खरे कारण नैतिक नसून हिशेबी आहे. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेत अनिश्चितता आणि माहितीची विषमता इतकी असते, की निव्वळ बाजार तेथे लोकांना हवे ते संरक्षण पुरवू शकत नाही. ज्याचा खर्च वर्षानुवर्षे चालणार हे आधीच ठाऊक आहे असा माणूस कोणत्याही नफेखोर संस्थेला नकोच असतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा मासळीचे वाटे पडतात. दोर ओढताना ज्याचा हात आखडला त्याला आधीच बाजूला काढून मग वाटे करायचे म्हटले, तर ती रापण कसली?

तथापि, बारावा अपवाद उद्या खोडला तरी काम भागत नाही, आणि कार्यकर्त्यांनी अधिक विचार करायचा तो येथे. अफू, गर्द किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांच्या व्यसनावर शास्त्रमान्य औषध आहे. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी तलफ आणि अंगाची तगमग थोपवते. माणूस कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये, तर भारत सरकारने २०२२ मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पण ती महिने, पुष्कळदा वर्षे घ्यावी लागते, तीही खाटेवर पडून नव्हे, दवाखान्यात जाऊन-येऊन. आपल्याकडचा विमा मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्याचा आहे. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला तेव्हापासूनचा हा साचा. त्याच वर्षी, मुंबई-पुण्यात गर्दने तरुणांचा घास घेतला असता, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले. त्यामागे पु. ल. देशपांडे यांची मदत होती, विम्याची नव्हे.

शिवाय व्यसनमुक्तीसाठीची ही गोळी रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती मान्यताप्राप्त केंद्रांनाच पुरवली जाते. गैरवापराची भीती पाहता ते समजण्यासारखे आहे. परंतु म्हणूनच ज्याच्या खिशात विमापत्र आहे त्यालाही प्रश्न पडतो: केंद्र किती कोसांवर? आरंभी तर जवळजवळ रोज जावे लागते. देवबागच्या खलाशाने दररोज ओरोस गाठायचे, तर मासेमारी कधी करायची? दोडामार्गच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने बांबोळीच्या रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा त्यांना आंदोलन करावे लागले होते.

अमेरिकेने खाजगी विम्याचीच वाट चोखाळली. तेथे २००८ च्या कायद्याने व्यसनोपचाराला इतर आजारांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. पण कंपन्यांनी पूर्वपरवानगीच्या अटी घालून तोच हक्क पातळ केला, आणि २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी तेथे अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूजन्य पदार्थ घेणारे २.२६ कोटी आहेत, त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचारांची गरज आहे. यांतल्या किती जणांकडे विमापत्र असेल?

तेव्हा मागणी दुहेरी हवी. बारावा अपवाद २१व्या कलमाशी विसंगत म्हणून रद्द व्हावा आणि बाह्यरुग्ण औषधोपचार विम्यात यावा, ही एक. दुसरी, आणि अग्रक्रमाने पहिली, की ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराने मालवण, वेंगुर्ले, देवगड या बंदरांच्या रुग्णालयांत ही गोळी विनामूल्य आणि नियमित मिळावी. आणि केंद्राची वेळ बोटी किनाऱ्याला लागण्याच्या वेळेशी जुळवावी. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमाने ठरावीक मर्यादेत खटल्यापासून संरक्षण दिले आहे, हेही बंदराबंदरांवर जाऊन सांगावे लागेल. कारण पोलिसांच्या धाकाने घरचे लोक आजार लपवतात आणि दवाखान्याची पायरी चढत नाहीत.