एका वेडाचा अभ्यासक्रम

सतीश बहादूर हे मूळचे आग्र्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. चित्रपटांचं वेड मात्र असं, की त्यांनी तिथे फिल्म सोसायटी चालवली. 1963 साली ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवायला आले.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साथीने इथे उभा राहिलेला रसास्वाद वर्ग साधारण महिनाभराचा. दिवसा व्याख्यानं, संध्याकाळी चित्रपट.

बहादूर सरांचा जीव ‘पथेर पांचाली’ या चित्रपटावर. त्यातला बाप हरिहर घरी परततो, लेकीसाठी आणलेली साडी दाखवतो. ती लेक, दुर्गा, गेल्याचं त्याला ठाऊक नसतं. त्याची बायको सर्वजया हंबरडा फोडते, पण आपल्याला ऐकू येतात ते फक्त तारशहनाईचे सूर. रडण्याचा आवाज का काढून टाकला? या एका प्रश्नातून ध्वनी, संकलन, अभिनय सगळंच शिकवता येतं. माझ्या मते अभ्यासक्रम आखण्याचं खरं कसब इथेच आहे: पसारा कमी, खोली जास्त. पुढे श्यामला वनारसे यांच्यासह बहादूर सरांनी, ‘पथेर पांचाली’ जिचा भाग आहे त्या अपू चित्रत्रयीवर पुस्तकही लिहिलं.

प्राध्यापक मित्रांनो, तुम्हीही सुट्टीत असा वर्ग आखताना तुमच्या जिवाभावाची एकच कलाकृती निवडा आणि विद्यार्थ्यांना तिच्याजवळ भरपूर वेळ द्या.