घरांतील एक मुष्टियोद्धा

कुत्रा, मांजर, पोपट आणि फार तर कांचेच्या भांड्यांतील तांबडे मासे, एवढ्यावर आपल्याकडील पाळीव प्राण्यांची यादी बहुधा संपते. आज मी ज्या प्राण्याविषयीं बोलणार आहें, तो या यादींत बसणारा नव्हे. त्याला कोणी मांडीवर घेत नाहीं, हांक मारली तर तो येत नाहीं, आणि त्याच्यापुढें बोट केलें तर तें रक्तबंबाळ होण्याचा संभव असतो. असें असूनहि अमेरिकेंत व युरोपांत कित्येक हौशी लोक केवळ त्याच्यासाठीं एक निराळें कांचेचें घर मांडतात आणि वर्षानुवर्षें त्याची निगा राखतात. यांत मौज कोणती आणि जबाबदारी कोणती, हें थोडक्यांत सांगण्याचा आज माझा विचार आहे.

या प्राण्याचें इंग्रजी नांव मँटिस श्रिंप. श्रिंप म्हणजे कोळंबी. आणि मँटिस म्हणजे हात जोडून प्रार्थनेस बसल्याचें सोंग करणारा, झुडपांवर दिसणारा तो हिरवा कीटक. आपल्याकडे कोठें कोठें त्यास खंडोबाचा किडा म्हणतात. परंतु आपला प्राणी कीटक नव्हे आणि खरी कोळंबीहि नव्हे. कवचधारी प्राण्यांच्या विशाल परिवारांत त्याचें कुळ स्वतंत्र असून, तें सुमारें ४० कोटि वर्षांपूर्वीं इतरांपासून वेगळें झालें असें शास्त्रज्ञ मानतात. आज त्याच्या ४५० हून अधिक जाति ज्ञात आहेत. नांवांतील कीटकाशीं त्याचें साम्य एवढेंच कीं, शिकारीचे दोन पाय छातीशीं दुमडून तो दबा धरून बसतो.

या दोन पायांवरूनच त्यांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गाच्या पायांस भाल्यासारखे तीक्ष्ण दांते असतात. ते चिखलांत किंवा वाळूंत बीळ करून राहतात आणि जवळून जाणाऱ्या माशास भोसकून आंत ओढतात. दुसऱ्या वर्गाच्या पायाचा सांधा हातोड्याच्या डोक्यासारखा फुगीर व कठीण असतो. हे प्राणी खडकाच्या छिद्रांत राहतात आणि शंख, शिंपले व खेंकड्यांचीं कवचें ठोसे मारून फोडतात. घरीं पाळतात ते मुख्यतः हे ठोसेवाले.

या ठोशाचें मोजमाप झालेलें आहे. २००४ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील शीला पटेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, मोरासारख्या रंगांच्या एका मोठ्या जातीचा ठोसा अतिवेगवान कॅमेऱ्यानें टिपला. त्याचा कमाल वेग सेकंदास १४ ते २३ मीटर भरला. २३ मीटर म्हणजे ताशीं सुमारें ८३ किलोमीटर, आणि तोहि हवेंत नव्हे, पाण्यांत! नुसत्या स्नायूंच्या बळावर हें साधणारें नाहीं. येथें युक्ति धनुष्याची आहे. स्नायु सावकाश आकसून पायांतील खोगिराच्या आकाराची एक कठीण पट्टी वांकवितात. एक खिटी तिला अडवून धरते. आणि खिटी सुटतांच सांठलेली सारी शक्ति एका क्षणांत मोकळी होते. वेग इतका कीं, हातोडा आदळतांना पाण्यांत बुडबुडे उत्पन्न होतात, आणि ते फुटतांना शंखास दुसरा तडाखा बसतो. घाव एक, मार दोन. १९९८ सालीं इंग्लंडांतील ग्रेट यारमथ येथील मत्स्यालयांत अशा एका प्राण्यानें टांकीची कांच फोडल्याची वार्ता वृत्तपत्रांत गाजली होती.

मग हा हातोडा स्वतः कां फुटत नाहीं? याचें उत्तर २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत मिळालें. बाहेरचा थर स्फटिकमय व अतिकठीण. आणि आंत तंतूंचे थर एकावर एक, प्रत्येक थर खालच्याहून किंचित् फिरवून रचलेला, जणूं गोल जिनाच. तडा गेलाच तर तो या जिन्यांत वळत वळत जातो व त्याचें बळ वाटेंतच खर्ची पडतें.

डोळ्यांची कथाहि अशीच नवलाची. हे डोळे देंठांवर बसविलेले असून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणें फिरतो. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी ३ प्रकारच्या. ठोसेवाल्या जातींच्या डोळ्यांत त्या १२ प्रकारच्या असतात. तेव्हां त्यांना आपल्याहून कितीतरी सूक्ष्म रंगभेद कळत असतील, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलटच दिसून आलें. जवळजवळच्या दोन छटा वेगळ्या ओळखण्यांत हा प्राणी माणसाच्या बराच मागें पडला. तो रंगांची तुलना करीत बसत नसावा, समोरचा रंग झटकन् ओळखून मोकळा होत असावा, असा तर्क आहे. साधनें चौपट झालीं म्हणजे ज्ञानहि चौपट होतें असें नाहीं, हें शाळेंत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास फार पटलें!

आतां हा प्राणी घरांत येतो कसा, तें सांगतों. निवृत्तीनंतर मी फ्लॉरिडा राज्यांतील टँपा शहरीं माझ्या मुलीकडे सहा महिने राहिलों होतों. माझ्या बारा वर्षांच्या नातवास खाऱ्या पाण्यांतील मासे पाळण्याचा नाद. त्या भागांत परवाना घेऊन साधे दगड समुद्रांत ठेवतात. कांहीं वर्षांत त्यांच्यावर नाना प्रकारचे जीव वस्ती करतात, आणि मग ते ‘जिवंत दगड’ म्हणून विकले जातात. नातवानें असा एक दगड टांकींत ठेविला. थोड्याच दिवसांत रात्रीं टक् टक् असा आवाज येऊं लागला आणि सकाळीं फुटक्या शंखांचे तुकडे वाळूवर दिसूं लागले. चौकशीअंतीं कळलें कीं, दगडाच्या छिद्रांत सुमारें ५ सेंटिमीटर लांबीचा मँटिस श्रिंप दडलेला आहे. जात अटलांटिक किनाऱ्यावरची. शास्त्रीय नांव निओगोनोडॅक्टिलस वेनरी.

दुकानदारानें सल्ला दिला कीं, दगड बाहेर काढावा, छिद्रांत उकळतें पाणी ओतावें आणि मोकळें व्हावें. बहुतेक लोक त्याला उपद्रव समजून असेंच कांहींतरी करतात. मुलगा मात्र अडून बसला. “तो स्वतः होऊन आलेला नाहीं, आपण त्याला आणलें आहे,” असें तो म्हणाला. या म्हणण्यास घरांतील कोणा वडील माणसाजवळ उत्तर नव्हतें. त्याच्या बापानें एकच अट घातली: निराळें घर कर, परंतु त्याची सारी व्यवस्था तूंच पाहिली पाहिजेस.

या लहान जातीस सुमारें ४० लिटरची टांकी पुरते. मोराच्या रंगाच्या मोठ्या जातीस मात्र याच्या तिप्पट तरी हवी. पाण्याचें विशिष्टगुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि उष्णतामान २५ अंश सेल्सिअसच्या जवळपास राखावें लागतें. नळाचें पाणी तसेंच वापरतां येत नाहीं. शुद्ध केलेल्या पाण्यांत समुद्री मीठ मापून विरघळवावें लागतें. येथें एक बारकी गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. टांकींतील पाणी आटतें, मीठ आटत नाहीं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी. खारें पाणी घालीत गेल्यास खारटपणा वाढत जाऊन प्राण्याचा घात होतो. तांबें तर अशा प्राण्यांस विषच. माशांच्या रोगांवरील ज्या औषधांत तें असतें, त्यांचा थेंबहि या पाण्यांत पडतां कामा नये.

परंतु खरें काम डोळ्यांना न दिसणारें आहे. प्राण्याच्या मलापासून व उरल्या अन्नापासून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जंतु त्याचें नायट्रेट करतात. तें बरेंच निरुपद्रवी असून पाणी बदलून काढून टाकतां येतें. या जंतूंची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून घर आधीं, पाहुणा मागाहून, हा येथला नियम होय. आमच्या नातवानें रोज पाणी तपासून वहींत आंकडे लिहून ठेविले. ते पांच आठवडे पाहुणा मोठ्या टांकींतच राहिला आणि त्यानें आणखी तीन गोगलगाई फस्त केल्या. ती त्याची खाणावळ आहे अशी आम्हीं समजूत करून घेतली.

टांकींत दगड मांडतांना ते थेट कांचेच्या तळावर बसवावे व मग भोंवतीं वाळू आणि शंखांचा चुरा पसरावा. कारण हा प्राणी सतत उकरीत असतो आणि वाळूवर ठेविलेला दगड त्याच्याच अंगावर ढांसळूं शकतो. अंगाला जेमतेम होईल असें एक अंधारें बीळ त्याला हवेंच. प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडाहि चालतो. प्रकाश मंद असावा आणि वर झांकण असावें. आठवड्यास दहावा ते पांचवा हिस्सा पाणी बदलावें. अन्न आठवड्यांतून दोन-तीन वेळां पुरे: कालवाचा किंवा कोळंबीचा तुकडा, आणि अधूनमधून फोडण्यासाठीं एखादा शंख. उरलेलें दुसऱ्या दिवशीं काढून टाकावें. मात्र हात पाण्यांत घालूं नये. लांब चिमटा वापरावा.

एके दिवशीं हा प्राणी दिसेनासा झाला. बिळाचें तोंड खड्यांनीं बुजलेलें, आणि अन्न जसेंच्या तसें पडलेलें. चार दिवस झाले, सहा झाले. तो मेला असें समजून नातू दगड उचलावयास निघाला. मी त्याला थांबविलें व दोघांनीं मिळून पुस्तक उघडलें. कवचधारी प्राण्यास वाढावयाचें म्हणजे जुनें कवच टाकावें लागतें, आणि नवें कवच प्रथम मऊ असतें. त्या वेळीं त्याचा हातोडा निकामी असतो. या मुष्टियोद्ध्यास कोणीहि मारूं शकतें. म्हणून तो दार लावून घेतो. अशा वेळीं बीळ उघडणें म्हणजे त्याच्या जिवावर उठणेंच. नवव्या दिवशीं खडे बाजूस झाले आणि आधीं दोन डोळे बाहेर आले. दारांत त्यानें टाकलेलें जुनें कवच, हातोड्यांसकट, पारदर्शक बाहुलीसारखें पडलें होतें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें वहींत तारीख घातली.

या दुबळेपणाच्या काळांतहि कांहीं जाति अंगीं नसलेला पराक्रम दाखवितात. नुकतेंच कवच टाकलेला प्राणी दारावर शत्रु आला कीं हातोडे पसरून धमकी देतो. वास्तविक मारण्याचें बळ त्याच्यांत नसतें. स्टेगर आणि कॉल्डवेल यांनीं १९८३ सालीं ही थाप उघडकीस आणली. आणि पुष्कळदां ती लागूहि पडते.

त्याच्या टांकींत दुसरा सोबती ठेवावा काय, असें पुष्कळजण विचारतात. ठेवूं नये. मासा, खेंकडा अथवा त्याच्याच जातीचा दुसरा प्राणी, कोणीहि सुरक्षित राहत नाहीं. आपल्याला एकांतवास ही शिक्षा वाटते. याला ती गरज आहे. ज्याचें सुख आपल्या सुखासारखें नाहीं, त्यालाहि तें त्याच्या रीतीनें मिळूं द्यावें, हाच या पाळण्यांतील मुख्य धडा आहे असें मला वाटतें.

मग आपणहि हा प्राणी पाळावा काय? मी आग्रह करणार नाहीं. आपल्या देशांत प्रवाळ खडकास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ सालापासून संरक्षण आहे. तेव्हां हौसेसाठीं समुद्रांतील प्रवाळ काढणें किंवा विकत घेणें सर्वथैव वर्ज्य समजावें. शिवाय एकदां आणलेला परका प्राणी कंटाळा आला म्हणून आपल्या किनाऱ्यावर सोडून देणें हाहि अपराधच होय. ज्यास पाहण्याची इच्छा आहे, त्यानें प्रथम एखाद्या सकाळीं मासळीच्या धक्क्यावर जावें. आपल्या कोंकण किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या जाळ्यांत भालेवाल्या वर्गांतील हे प्राणी ढिगांनीं येतात, आणि त्यांतले पुष्कळसे खतासाठीं वा कोंबड्यांच्या खाद्यासाठीं जातात. त्या ढिगांतील एक उचलून त्याचे डोळे व दुमडलेले पाय नीट पाहिले, तरी ४० कोटि वर्षांचा एक कारागीर आपणांस भेटेल.

आणि इतकें करूनहि ज्याला पाळावयाचाच असेल, त्यानें आधीं रिकाम्या टांकींतील पाणी पांच आठवडे रोज तपासून पाहावें. ज्याचा उत्साह त्या रिकाम्या पाण्याला पुरला, त्याच्या हातीं हा जीव सोंपविण्यास हरकत नाहीं.