दात न दिसणारा बैल



माझे वडील बैल खरेदी करण्यास बाजारी जात, तेव्हा शिंगांचा डौल, कातडीची झळाळी किंवा दलालाचे वाक्पाटव यांपैकी कशाचीही दखल न घेता ते प्रथम जनावराचा ओठ वर करून दात पाहात. अदंत आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे एवढे कळले, की त्या मुक्या प्राण्याच्या अंगात किती वर्षांची मेहनत शिल्लक आहे याचा अंदाज त्यांना येई, आणि मगच रुमालाखाली बोटे दाबून भावाची बोलणी सुरू होत. विजेवर चालणारी मोटार विकत किंवा भाडेपट्ट्याने घेण्यापूर्वी काय पाहावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा वडिलांची ही रीत आठवली. कारण या नव्या जनावराचे सारे बळ बॅटरी नामक एकाच अवयवात साठवलेले असते, किमतीचा मोठा हिस्साही त्या अवयवाचाच असतो, पण त्याचे दात मात्र ओठ वर केल्याने दिसत नाहीत.

माझे एक मेहुणे पुण्यास कोथरुडात राहतात. गेले वर्षभर ते अशी गाडी घेण्याच्या विचारात आहेत, आणि त्यांच्याबरोबर दुकाने पालथी घालताना जे शिकलो तेच आज मी मांडणार आहे. दुकानात पहिला आकडा ऐकू येतो तो पल्ल्याचा. २०२० साली टाटांची नेक्सॉन विजेवर आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरांचा होता. हे प्रमाणपत्र मेहुण्यांच्या घरामागच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेचे. आकडा खोटा नव्हता. पण ती चाचणी फिरत्या रुळांवर, ठरावीक वेगाने, वातानुकूलन न चालवता होई, आणि आपण तर वैशाखाच्या उन्हात, चार माणसे व डिकीत आंब्यांची पेटी घेऊन प्रवास करतो. त्यामुळे त्याच गाडीने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर दिले म्हणजे मालकाने समाधान मानावे, असा व्यवहार होता. प्रमाणित आकड्याचा तिसरा हिस्सा प्रथमच वजा करून उरलेल्यावर आपला हिशेब मांडावा, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

मेहुण्यांची लेक पनवेलीस असते, म्हणून त्यांच्या हिशेबात घाट अपरिहार्य. पावणेदोन टन वजनाची भरलेली गाडी खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने पाचशे-साडेपाचशे मीटर, उचलण्यास जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा निव्वळ चढाईसाठी लागते. एका युनिटात सपाटीवर सात किलोमीटर जाणाऱ्या गाडीच्या पल्ल्यातून घाट सतरा-अठरा किलोमीटरांचा घास घेतो. उतरताना यातील काही भाग परत मिळतो, कारण उतारावर हीच मोटार जनित्र होऊन बॅटरीत वीज भरते व गाडीला आवरही घालते. मात्र लोणावळ्यास चहा घेता घेता बॅटरी काठोकाठ भरून जो गृहस्थ लगेच घाट उतरू लागतो, त्याच्या बॅटरीत ही परतफेड स्वीकारण्यास जागाच नसते, आणि सारा भार साध्या ब्रेकांवर पडतो. तेव्हा नमुन्याची फेरी दुकानाभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या नित्याच्या वाटेने, चढासह आणि वातानुकूलनासह, घेऊ द्यावी असा आग्रह धरावा. जू खांद्यावर ठेवल्याशिवाय बैल कळत नाही.

आता गोठ्याचा प्रश्न, आणि माझ्या मते गाडीच्या आधी सोडवण्याचा प्रश्न हाच. ज्याच्या घरी रात्री गाडी विजेला लावण्याची सोय आहे, त्यास ही मोटार सुखाची. ज्यास प्रत्येक वेळी सार्वजनिक केंद्रावर रांगेत उभे राहावे लागणार, त्यास ती विकतचे दुखणे होण्याचा संभव आहे, आणि तेथील वीजही घरच्याहून बरीच महाग पडते. घरातील सोळा अँपिअरच्या प्लगवरून साधारण तीन ते सव्वातीन किलोवॉट वीज मिळते, म्हणून तीस युनिटांची रिकामी बॅटरी भरण्यास नऊ-दहा तास, म्हणजे एक पुरी रात्र लागते. भिंतीवर ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवल्यास हा वेळ निम्म्यावर येतो; परंतु त्यासाठी महावितरणकडे दरखास्त देऊन मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि ज्या गाडीच्या पोटातील चार्जरच सव्वातीन किलोवॉटचा आहे, तिच्यापुढे भिंतीवरचे हे वैभव व्यर्थ होय. अर्थिंगचीही खातरजमा करावी. ते सदोष असेल तर पुष्कळ गाड्या वीज घेण्याचेच नाकारतात. राहता राहिला सहकारी गृहनिर्माण संस्थेचा ना हरकत दाखला. तो गाडीचे बयाणापत्र लिहून देण्यापूर्वी हाती असावा, नंतर नव्हे. या बाबतीत मेहुण्यांचा अनुभव पुढे सांगेन.

बॅटरीवर बहुतेक कारखानदार आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतील जे आधी घडेल तोवर हमी देतात. हा मजकूर ठळक टायपात असतो, म्हणून तो सर्वांस पाठ असतो. बारीक टायपातील तीन कलमे मात्र वाचली जात नाहीत. मूळ क्षमतेच्या किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी सदोष समजली जाईल, त्या सदोषतेचा निवाडा कोणाच्या यंत्रावर होईल, आणि मालक बदलल्यावर हमी पुढे चालू राहील काय, ही ती तीन कलमे. एमजी विंडसर या गाडीच्या बॅटरीची आजीवन म्हणून गाजलेली हमी केवळ पहिल्या मालकापुरती होती, हे ध्यानी घेतले म्हणजे आजीवन या शब्दातील जीवन कोणाचे, हा प्रश्न सुचतो. रसायनाचीही चौकशी करावी. लोह-फॉस्फेटाची बॅटरी शंभर टक्के भरणे सोसते, किंबहुना अधूनमधून पूर्ण भरली तरच तिची शिल्लक यंत्रास नीट कळते. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी त्याच वजनात अधिक वीज साठवते, परंतु रोजच्या रोज ऐंशी टक्क्यांवरच थांबवल्यास अधिक टिकते.

जुनी गाडी घेणाराने दात मोजण्याची एक साधी युक्ती लक्षात ठेवावी. गाडी वीस टक्क्यांवर आणून मीटर असलेल्या प्लगवर ऐंशी टक्क्यांपर्यंत भरावी व किती युनिट गेले ते टिपून घ्यावे. तीस युनिटांच्या निरोगी बॅटरीत या साठ टक्क्यांत अठरा युनिट साठतात, आणि वाटेतील गळती धरून मीटरवर वीसच्या आसपास आकडा येतो. सोळाच आला, तर तिसाची बॅटरी चोविसाची झाली असे समजावे. पडद्यावरील टक्केवारी हीसुद्धा यंत्राचा अदमासच असल्यामुळे हा ताळा सोनाराच्या काट्यासारखा नव्हे, म्हणून अधिकृत सेवाकेंद्राकडून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी दाखलाही मागावा. मेहुण्यांनी एका विक्रेत्याकडे ही मागणी केली, तेव्हा त्याने गाडीचे नवे सीट कव्हर दाखवण्यास प्रारंभ केला. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

भाडेपट्ट्याविषयी लोकांच्या मनात उगाच एक कमीपणाची भावना आहे. ज्या वस्तूची जात दर दोन वर्षांनी सुधारत आहे, तिची पुनर्विक्रीची किंमत कोसळण्याचा धोका दुसऱ्याच्या शिरावर ठेवून आपण केवळ वहिवाट घेणे, यात शहाणपणच आहे. पण कुळाने खंडाची रक्कम तेवढी विचारावी आणि कबुलायत न वाचताच अंगठा करावा, असे होऊ नये. दरमहाचा हप्ता मोठ्याने सांगितला जातो, बाकीचे रुमालाखाली राहते: वर्षाला किती किलोमीटरांची मुभा, त्यापुढे दर किलोमीटरला काय आकार, मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास दंड किती, विमा व टायर कोणाचे (या गाड्या वजनाने भारी, टायर लवकर झिजतात), आणि परत देताना कोणता ओरखडा स्वाभाविक झीज व कोणता नुकसानभरपाईस पात्र.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे गाडी विकत आणि बॅटरी भाड्याने. २०२४ साली हीच विंडसर ९.९९ लाख रुपये अधिक दर किलोमीटरला साडेतीन रुपये, अशा योजनेने बाजारात आली. महिना पंधराशे किलोमीटर चालवणाराचे यात ५,२५० रुपये, म्हणजे पाच वर्षांत ३,१५,००० रुपये बॅटरीपोटी जातात, आणि विजेचे बिल निराळेच. फार थोडे फिरणारास हे वरवर स्वस्त वाटते. पण दरमहा किमान किती किलोमीटरांचे पैसे द्यावेच लागतील, हे करारनाम्यात पाहिल्यावाचून तसे मानू नये. शिवाय गाडी मधेच विकायची झाल्यास बॅटरीवरचा बोजा कोण व कसा उतरवणार, याचे उत्तर लेखी घ्यावे.

करांविषयी थोडक्यात. १ ऑगस्ट २०१९ पासून नव्या विद्युत गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे. कर्जाच्या व्याजावरील दीड लाखापर्यंतची प्राप्तिकराची वजावट मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती, तरीही ती आजच्या गिऱ्हाइकास सांगणारे विक्रेते मी स्वतः ऐकले आहेत.

एक क्षुद्र वाटणारी गोष्ट सांगायची राहिली. या प्रचंड बॅटरीखेरीज गाडीत साध्या मोटारीतल्यासारखी बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. कुलुपे, पडदा आणि मोठ्या बॅटरीस जागे करणारी कळ तिच्याच स्वाधीन असतात. ती मेली, की मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. मेहुण्यांच्या शेजाऱ्यांची गाडी अशीच लग्नाच्या मुहूर्तावर दारात बसून राहिली.

मेहुण्यांनी गाडीचा रंगसुद्धा ठरवला आहे. घाटाचा हिशेब झाला, हमीची कलमे वाचून झाली, मंजूर भारही वाढवून मिळाला. त्यांच्या संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस परवा फलकावर लागली; पार्किंगमधील मीटर हा विषय पत्रिकेत सातवा आहे, आणि मागील दोन सभा चौथ्या विषयावरच, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या गळतीवर, तहकूब झाल्या होत्या.