प्रतिसादास लागणारा वेळ
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



इमारत, खाटा व यंत्रसामग्री यांविषयी आपण या अहवालात अन्यत्र वाचालच. आम्ही येथे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहोत. रिहे येथील आपल्या तपासणी केंद्रातील संगणकाने मागणी केल्यापासून मुख्य रुग्णालयातील सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत किती वेळ जातो?

रिहे खोऱ्यातून घोटावड्यावरून पुढे गेले की हिंजवडी लागते. तेथील कचेऱ्यांत हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. आमच्याकडे मात्र तो बाकावर ताटकळणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यावरून कळत असे. नेटवर्क चालू आहे की बंद, एवढेच आम्ही पाहत होतो, आणि त्यासाठी माइक मूस यांनी 1983 साली लिहिलेली ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली पुरत असे. दिवा हिरवा होता, तरीही एक आजीबाई रक्ततपासणीचा अहवाल पडद्यावर उमटण्यापूर्वीच, एसटी चुकेल म्हणून उठून गेल्या. चूक आमची होती. ‘पिंग’ला ओ देणे निराळे आणि अहवाल शोधून हाती देणे निराळे.

पुढे डॅशबोर्ड बसविला. तो दर मिनिटास एक नमुना केसपेपर स्वतः उघडून पाहतो व लागलेला वेळ आलेखावर मांडतो. आरंभी सरासरी उत्तम दिसली आणि आम्ही फसलो. समजा, शंभर मागण्यांपैकी नव्वद एका सेकंदात आणि दहा एकवीस सेकंदांत पुऱ्या झाल्या, तरी सरासरी तीनच सेकंद येते! याकोब नीलसन यांनी 1993 साली नोंदविले आहे की, एका सेकंदापर्यंत माणसाची विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडते. डॉक्टरही यास अपवाद नाहीत. तेव्हापासून आम्ही सरासरीआधी शंभरांतील सर्वांत संथ दहा मागण्या पाहतो.

त्या बहुतेक सकाळी अकरानंतरच्या निघाल्या. क्ष-किरण विभागातील प्रतिमांच्या प्रती त्याच वेळी, त्याच जोडणीवरून साठवणुकीकडे जात होत्या, आणि त्या अवजड फायलींमागे रिह्याचा दोन ओळींचा अहवाल खोळंबून राही. प्रती आता रात्री घेतल्या जातात. यास खर्च आला नाही. नवा सर्व्हर घ्यावा हा आमचा आग्रह आम्ही मागे घेतला, हे देणगीदारांस मुद्दाम सांगतो.

पावसाळ्याचा प्रश्न उरतो. खोऱ्यातील वीज गेली की आलेख संथ होत नाही, थांबतोच. बॅटरी आणि दुसरी पर्यायी जोडणी यांचे अंदाजपत्रक विश्वस्तांपुढे ठेवले आहे. तोवर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या रुग्णांचे अहवाल आदल्या संध्याकाळीच कागदावर छापून केंद्रात ठेवले जातात.